उचलून नेणार म्हणजे नक्की कुठे? रॅप्चरबद्दल थोडं

२०२५ च्या सप्टेंबरात आमच्या मराठी प्रार्थना ग्रुपवर नुसता धुमाकूळ चालला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रवचनकाराने सांगितलं की २३-२४ सप्टेंबरला रॅप्चर होणार, म्हणजे येशू येऊन विश्वासणाऱ्यांना पृथ्वीवरून उचलून नेणार, आणि टिकटॉक आपल्याकडे बंद असलं तरी ते सगळं फिरत फिरत व्हॉट्सअ‍ॅपवरून गोव्यात म्हापशापर्यंत पोचलंच. कोणी रडके इमोजी टाकतंय, कोणी पश्चात्ताप करा म्हणतंय, आणि एका काकूंनी शांतपणे विचारलं की मग ऑक्टोबरची भिशी कोणाला देणार. खरं सांगायचं तर त्या आठवड्यातला ग्रुपवरचा सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता.

तारीख गेली, ग्रुप गुडमॉर्निंगवर परत आला. पण तेव्हापासून बरेच जण विचारतात की हे बायबलात आहे का नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आम्ही मूळचे नगरकडचे, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. आमच्या घरात प्रभूचं द्वितीयागमन हा शब्द रोजच्या प्रार्थनेत होता पण रॅप्चर हे काही मी लहानपणी ऐकलेलं नाही. ते ऐकलं गोव्यात, फेलोशिपमध्ये (प्रार्थनेला जमणाऱ्या ख्रिस्ती मंडळीत) जायला लागल्यावर. इथे कॅथलिक लोक ज्यांना बिलिव्हर्स म्हणतात ना, ती मंडळी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की येशू दोन टप्प्यांत येणार. आधी आकाशापर्यंत येऊन खऱ्या विश्वासणाऱ्यांना एका क्षणात उचलून नेणार, मग पृथ्वीवर सात वर्षांचं महासंकट, ख्रिस्तविरोधीचं राज्य, आणि त्यानंतर सगळ्यांना दिसेल असा तो परत येऊन हजार वर्षं राज्य करणार. मग कोणी म्हणतं उचलणं सात वर्षांच्या आधी, कोणी म्हणतं मध्यावर, कोणी म्हणतं शेवटी, आणि यावरून चर्च फुटलेली आहेत.

मुख्य आधार एकच, प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं बायबलातलं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, अध्याय ४, ओवी १३ ते १८ (ओवी म्हणायची आमच्या आजीची सवय, वचन म्हणा). हे नव्या करारातल्या सगळ्यात जुन्या लिखाणांपैकी, साधारण इ. स. ५०-५१ चं. आणि ते का लिहिलं गेलं हे कळल्याशिवाय त्यातलं काहीच कळत नाही असं माझं मत आहे. पौल थेस्सलनीकात फार दिवस टिकलाच नाही. बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात आहे, तीन शब्बाथ (यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस) त्यांच्या सभास्थानात बोलला, मग दंगा झाला, त्याला आसरा देणाऱ्या यासोनाच्या घरावर जमाव चालून आला आणि रातोरात पौलाला बिरुया या दुसऱ्या गावी पाठवावं लागलं. मागे राहिली ती अगदी नवी, अर्धवट शिकवलेली मंडळी. त्यांना एवढंच माहीत की प्रभू लवकर येणार. आणि दरम्यान त्यांच्यातली काही माणसं वारली. झालं, आता यांचं काय? प्रभू येईल तेव्हा हे नसतील, मग यांची संधी हुकली का? पौलाने आपला सोबती तीमथ्य याला पाठवून चौकशी केली आणि मग उत्तर लिहिलं. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, आपण जिवंत राहिलेले काही त्यांच्या पुढे जाणार नाही, उलट जे ख्रिस्तात मेलेत ते आधी उठतील, आणि मग आपण त्यांच्यासोबत मेघांमध्ये प्रभूला सामोरे जायला घेतले जाऊ.

म्हणजे हे सांत्वनाचं पत्र आहे. घरात मयत झालेल्या लोकांना लिहिलेलं. शेवटचं वाक्यही तेच, या शब्दांनी एकमेकांचं समाधान करा. आता तुम्हाला आलेले फॉरवर्ड आठवा, त्यात रिकाम्या गाड्या, पायलट नसलेलं विमान, जमिनीवर पडलेले कपडे, मागे राहिलेली बायको, सगळं असतं, पण मेलेले कुठेच नसतात! ज्यांच्यासाठी पौलाने लिहिलं तेच गायब. आणि हे सगळं गुपचूप होणार म्हणतात, तर त्या वचनात आज्ञेची गर्जना आहे, आद्यदूताची (मुख्य देवदूताची) वाणी आहे, देवाची तुतारी आहे. इतकं आवाजाचं वचन दुसरं शोधून सापडणार नाही.

आता सामोरं जाणं. माझ्या मते सगळा गुंता इथे आहे. त्या काळात राजा किंवा मोठा माणूस गावाकडे यायला निघाला की लोक वेशीबाहेर जाऊन त्याला भेटत आणि वाजतगाजत आत आणत. रोमचे ख्रिस्ती बंधू पौलाला घ्यायला साठेक किलोमीटर बाहेर आले होते, कृत्ये २८ मध्ये आहे, आणि त्याला घेऊन रोमलाच परतले. मत्तय २५ मधल्या दहा कुमारी वराला भेटायला बाहेर पडतात आणि ज्यांच्या दिव्यात तेल होतं त्या त्याच्याबरोबर लग्नाला आत जातात. आपल्याकडच्या सीमांतपूजनासारखंच, वऱ्हाडाला सामोरं जायचं ते त्यांना मांडवात आणायला, त्यांच्या गाडीत बसून त्यांच्या गावाला निघून जायला नाही. म्हणून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की पौलाच्या डोळ्यासमोर पळून जाणं नसून स्वागत आहे, राजा इथे येतोय. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर वचनात पुढे कुठे गेले ते लिहिलेलंच नाही, फक्त सर्वदा प्रभूजवळ राहू एवढंच आहे. दुसऱ्या बाजूचे लोक लगेच योहान १४ काढतात, माझ्या पित्याच्या घरात पुष्कळ जागा आहेत, मी येऊन तुम्हाला घेईन. तोही मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

मत्तय २४ मात्र मला नेहमी उलटं वापरलेलं दिसतं. शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल एक राहील, जात्यावर दोघी दळत असतील वगैरे. लोक समजतात की घेतला गेला तो वाचला. पण त्याच्या लगेच आधी नोहाच्या दिवसांची गोष्ट आहे, आणि तिथे पूर आला आणि वाहून नेलं ते कोणाला? न्यायात सापडलेल्यांना. नोहा तर राहिला. मग त्या जात्यावर मला मागे राहिलेलंच बरं!

सात वर्षं कुठून आली तर जुन्या करारातल्या दानीएल ९ मधल्या सत्तर सप्तकांवरून (एक सप्तक म्हणजे सात वर्षं धरतात). एकोणसत्तर सप्तकं मसीहापर्यंत झाली, मग घड्याळ थांबलं, शेवटचं सप्तक म्हणजे सात वर्षं अजून यायची आहेत, असा हिशोब. दानीएलात उचलून नेण्याचा उल्लेख नाही, थेस्सलनीकात सात वर्षांचा नाही. दोन्ही जोडून वेळापत्रक बनवलं ते प्रामुख्याने जॉन नेल्सन डार्बीने, १८३० च्या दशकात. हा आयर्लंडमधला अँग्लिकन पाळक, चर्च सोडून ब्रदरन नावाच्या प्रोटेस्टंट पंथात आला. पुढे तो अमेरिकेत बऱ्याच वेळा गेला, आणि १९०९ मध्ये स्कोफिल्डचं टीपांसहित बायबल निघालं त्यात हीच मांडणी पानाच्या तळाशी छापून आली. लोकांना तळाची टीप आणि वरचं वचन यातला फरक हळूहळू दिसेनासा झाला असावा, आता युट्यूबवर तेच होतं. आमच्या फेलोशिपमधला एक तरुण पोरगा म्हणतो की डार्बीने शोधलं, बनवलं नाही. म्हणू दे, पण अठराशे वर्षं कोणाला ही मांडणी अशी पूर्ण दिसली नाही हे जरा खटकतंच.

गोव्यात गंमत अशी की शेजारी सगळे कॅथलिक आणि त्यांना ही भानगडच नाही. दर रविवारी ते श्रद्धाकथनात म्हणतात की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल, आणि त्यांच्या चर्चच्या अधिकृत शिकवणीत उलट असं आहे की ख्रिस्त येण्याआधी चर्चला शेवटच्या कसोटीतून जावंच लागेल, म्हणजे सुटका वगैरे नाही. २ नोव्हेंबरला सिमितेरीत बघा, कबरी धुवून फुलं-मेणबत्त्या लावलेल्या असतात. शेजारच्या आंटीला मी त्या सप्टेंबरात विचारलं तर काजूगर निवडता निवडता कोंकणीत म्हणाली, तो येतलो तेन्ना सगळ्यांखातीर येतलो, तूं कित्याक भियेता? (तो येईल तेव्हा सगळ्यांसाठी येईल, तू कशाला घाबरतोस?) मला वाटतं पौलाला तिचं उत्तर पटलं असतं.

तारखांचं तर विचारूच नका. अमेरिकन प्रवचनकार मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरली, कितीतरी जणांनी शेतं कापली नाहीत. १९८८ ची झाली, २१ मे २०११ ची झाली. त्या दिवसाची आणि घटकेची माहिती स्वर्गातल्या दूतांनाही नाही, हे मत्तय २४:३६, त्याच अध्यायात आहे जो हे लोक सतत उघडतात.

फेलोशिपमधल्या त्या पोराशी माझा वाद अजून चालू आहे. त्याचा सगळ्यात जोरदार मुद्दा म्हणजे, ख्रिस्तविरोधी आधी यायचा असेल तर मग प्रभू चोरासारखा अचानक कसा येईल, आपण वाट ख्रिस्ताची बघायची का ख्रिस्तविरोधीची? याला माझ्याकडे चटकन उत्तर नाही. मी थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र, अध्याय २ दाखवतो, पौल सरळ लिहितो की आधी धर्मत्याग होईल आणि अनीतिमान पुरुष प्रकट होईल, त्याशिवाय तो दिवस येणार नाही. पोरगा म्हणतो तो दिवस वेगळा आणि उचललं जाणं वेगळं. मी म्हणतो त्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात प्रभूचं येणं आणि आपलं त्याच्याजवळ एकत्र जमणं एका दमात लिहिलंय, वेगळं कुठे केलंय दाखव. इथे आम्ही अडलोय. कोणाला या अध्यायावर मराठीत काही नीट माहीत असेल तर सांगा, फक्त तारीख पाठवू नका.