लाकडी नंदी

आज तान्हा पोळा. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी पहाटेच्या पहिल्या एसटीची ड्युटी डोक्यातून जात नाही, अंधारातच उठलो, अंगण झाडलं, गाईला चारा टाकला आणि बोजाऱ्यासाठी, म्हणजे लाकडी नंदी घेऊन दारी येणाऱ्या पोट्ट्यांना द्यायला, दहा-दहाच्या नोटा मोजून ठेवल्या. दरवर्षी ठेवतो.

संध्याकाळी गल्लीतली पोट्टी आपापले नंदी ओढत आली, कोणाच्या नंदीला बेगड, कोणाच्या फुगे, आणि नातवाच्या वर्गातलं एक पोरगं हळूच म्हणालं, "आबाजी, त्याचा नंदी कुठी हाय?"

मले बोलताच आलं नाही. हिनं आतून आणून दिला. सागाचा आहे, गावच्या सुताराकडून करून घेतलेला, मागचं एक चाक नातवानंच ओढून ओढून तिरपं केलंय, शिंगाला गेल्या पोळ्याचा हिंगूळ अजून तसाच. सात महिने झाले त्याला जाऊन. हिनं नंदीला ओवाळलं आणि दोरी त्या पोराच्या हातात दिली, ते तिरपं चाक करकर करत गेलं, अगदी तोच आवाज, मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू येत होता, मी दारातच उभा.

रात्री पोरगं नंदी परत द्यायला आलं. हिनं घेतला नाही. म्हणाली, राहू दे बापू तुह्याकडेच.