तुम्ही विचारलंत म्हणून: शेवंतीचा खुबा

"घोड्याचं हाड मोडलं की त्याला मारूनच टाकावं लागतं ना? मग तुमची शेवंती कशी वाचली? काय दिलंत तिला?"

शिवडीत आमच्या तबेल्यावरून जाणारी माणसं तिचा एका बाजूने उतरलेला पुठ्ठा, म्हणजे कंबरेमागचा मांसल भाग, बघतात आणि हे विचारतात. हळदीकुंकवाला गेले तरी कुणीतरी विचारतंच. दोन वाक्यांत सांगून होत नाही, म्हणून आज सगळं लिहिते.

आमच्याकडे वरातीच्या घोड्या आहेत. आजोबांची व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाडी, होती. २०१५ साली उच्च न्यायालयाने मुंबईतल्या हौसेच्या घोडागाड्या बंद करायला सांगितल्या, पण अण्णा त्याआधीच वरातींकडे वळले होते. शेवंती आमची सगळ्यात शांत घोडी. कानाशी बँड वाजला तरी कान हलवायची नाही.

फेब्रुवारीतली लग्नसराई. लालबागची वरात उरकून रात्री घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दार काका तिला घेऊन परत येत होते. रस्ता खणलेला, चरावर लोखंडी पत्रे टाकलेले आणि पत्र्यांवर पाणी सांडलेलं. तिचा मागचा डावा पाय बाहेरच्या बाजूला सरकला आणि ती खुब्यावर आदळली. उठली, लंगडत का होईना चालली, म्हणून काकांनी तिला तशीच चालवत घरी आणली. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, आणि ते चुकलंच असतं. खुब्यावर पडलेला घोडा उठला तरी त्याला तिथेच थांबवावं आणि डॉक्टरांना बोलवावं. घोडी पाळणाऱ्या प्रत्येकाला मी हे हात जोडून सांगते.

सकाळी डॉक्टर आले. त्यांची उमेदीची वर्षं रेसच्या घोड्यांत गेलेली. त्यांनी शेवंतीला चारी पायांवर सरळ उभं करायला लावलं, दोन्ही खुब्यांच्या टोकांवर निळी चिकटपट्टी लावली आणि मागे जाऊन नुसते बघत राहिले. डावी पट्टी दोन बोटं खाली होती. घोड्याच्या पुठ्ठ्यावर मांस इतकं जाड की एक्स-रेत तिथलं हाड नीट दिसणं कठीण, म्हणून त्यांनी सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. पडद्यावर हाडाची पांढरी रेघ सलग जायला हवी होती. ती मध्येच पायरीसारखी तुटली होती.

पायाची नळी मोडली तर घोडा वाचवणं फार अवघड. नळीवर मांस जवळजवळ नसतंच, आणि चारशे-पाचशे किलोंचं जनावर तीन पायांवर महिनोन्महिने राहू शकत नाही. कंबरेच्या हाडाभोवती मात्र मांसाची जाड वेष्टणं असतात. प्लास्टर घालता येत नाही, पण ते मांसच हाडाला धरून ठेवतं. शेवंतीचं मोडलं होतं ते पंख्यासारखं पसरलेलं वरचं हाड. रेसच्या घोड्यांच्या कंबरेत धावून धावून तडा जातो तोही बहुधा याच हाडाला. मांडीचं हाड ज्या वाटीत बसतं ती वाटी शाबूत होती. ती फुटली असती तर आज मी हे लिहीत नसते.

भीती दुसरीच होती. या हाडाच्या आतल्या बाजूने मोठ्या रक्तवाहिन्या जातात. तुटलेल्या हाडाचं टोक धारदार असतं. घोडी खाली बसली, उठताना तिने जोर केला आणि ते टोक सरकून शीर कापली गेली, तर आतल्या आत रक्त जाऊन ती बघता बघता संपते. गाय मागच्या बाजूने उठते. घोडा आधी पुढचे पाय टेकवतो आणि मग मागच्या पायांनी सगळं अंग वर ढकलतो. म्हणजे सगळा भार नेमका मोडलेल्या जागी. "सहा आठवडे हिला बसू द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले. म्हणाले, खुबा निखळलाय, दोन दणकट माणसं द्या, ओढून बसवतो, वर गरम विटेचा शेक देऊ. अण्णांचं मन वळायला लागलं होतं. त्यांच्यापुढे मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "अण्णा, आत सुरी आहे. सुरीवर दाबायचं का?" अण्णा काही बोलले नाहीत. गृहस्थांना चहा दिला आणि वाटेला लावलं.

मग त्या रात्री सुरू झाल्या. ठाणाच्या, म्हणजे तिला बांधायच्या जागेच्या, दोन्ही भिंतींना कड्या ठोकून दोन दोर तिच्या म्होरकीला, म्हणजे तोंडावरच्या पट्ट्याला, बांधले. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, थोडा वेळ का होईना. दुसऱ्या आठवड्यापासून शेवंतीचे पुढचे गुडघे झोपेने लचकायला लागले. लचकली की दचकून सावरायची आणि माझ्याकडे बघायची. काका, अण्णा आणि मी पाळीपाळीने रात्र काढायचो. माझी पाळी दोन ते सहा. मी तिच्या गालावर हात ठेवून बोलत राहायचे. काय बोलायचे ते आठवतही नाही.

नुसतं बांधून भागत नाही. मान सतत वर राहिली की नाका-घशातला स्राव उलटा छातीत उतरतो आणि फुप्फुसं धरतात. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा दोर सोडून, म्होरकी हातात धरून तिला मान जमिनीपर्यंत खाली घालू द्यायची. डाव्या पायावर भार नाही म्हणजे उजव्यावर दुप्पट, आणि त्या भाराने टापेच्या आत सूज येऊन चांगला पायही जातो. डॉक्टरांनी टापेच्या वर नाडी शोधायला शिकवलं. सकाळ-संध्याकाळ तिथे बोटं ठेवायची, टाप गरम लागते का बघायचं. हरभऱ्याची चंदी, म्हणजे रोजचा खुराक, बंद. गवत, भिजवलेला कोंडा, पाणी. उभ्या घोड्याचं पोट बांधलं जातं, म्हणून किती वेळा लीद पडली ते मी भिंतीवर खडूने लिहायचे. दुखण्याचं औषध डॉक्टरांनी बेताचंच दिलं. दुखणं पूर्ण मारलं तर ती त्या पायावर जोर देईल, आणि ते औषध पोटातही जखमा करतं.

सर्वांत कठीण आठवडा पाचवा. ती लंगडायची थांबली, डोळे चमकायला लागले, ती दोर ओढून बाहेर बघायला लागली. येणारेजाणारे म्हणायचे, बरी झाली की, सोडा आता. मोडलेलं हाड बाहेरून बरं दिसतं तेव्हा आत अजून कच्चंच असतं. त्या आठवड्यात मी दोरांच्या गाठी रोज नव्याने बांधल्या.

सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी झाली, पायरीची धार बोथट झाली होती. रे रोडच्या वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा गुडघाभर पसरला आणि दोर सोडले. ती दोनदा गोल फिरली, पाय दुमडले आणि आडवी झाली. दहा मिनिटांत घोरायला लागली. अण्णा दाराच्या उंबऱ्यावर बसून रडले. पहाटे ती उठली तेव्हा आम्ही तिघंही भिंतीला चिकटून उभे होतो. पुढचे पाय, मग एक हिसका, आणि चारी पाय.

त्यानंतरही दीड महिना ठाणातच ठेवली. मग हाताने धरून दहा मिनिटं कदम, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. पाऊस लागला तसे ओल्या फरशीवर रबराचे गालिचे टाकले. पुठ्ठ्यावरचं मांस वाळून खड्डा पडला होता. तो भरायला जमिनीवर बांबू टाकून त्यांवरून तिला सावकाश नेत होतो. पाय उचलावा लागतो, त्याने मांस धरतं. गाजर दाखवून मान कुशीकडे वळवायला लावायचो, तेही त्यासाठीच.

वरातीला ती जात नाही. हाड थोडं सरकून जुळलं, खुबा खालीच राहिला. हलका स्वार चालेल असं डॉक्टर म्हणाले, पण अण्णांनी तिचं खोगीर दुसऱ्या घोडीला दिलं.

दसऱ्याला आम्ही घोड्यांची पूजा करतो. त्या वर्षी सकाळी शेवंतीला साबण लावून पांढरीशुभ्र धुतली आणि झेंडूचा हार घेऊन मी वळले, तोवर ती अंगणातल्या वाळूत पोहोचली होती. बसली, आडवी झाली, चारी पाय आभाळाकडे करून डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर गेली, परत डाव्यावर आली, आणि उठून अंग झाडलं. पडल्यापासून पहिल्यांदाच ती अशी लोळली होती. मी बादली उचलली.

"राहू दे," अण्णा म्हणाले, "अशीच ओवाळ."