‘पूर’ शोधला की कोल्हापूर येतं

गणपती झाले की आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत गर्दी सुरू होते. जूनमध्ये कार्ड काढून गेलेली पोरं तेव्हा पहिल्यांदा आत येतात, कारण असाइनमेंटची तारीख डोक्यावर आलेली असते. मी इथं ग्रंथालय परिचर आहे, बावीस वर्षं झाली. पुस्तक काढून देणं, परत आलेलं जागेवर लावणं, पावसाळ्यात कपाटांना कसर-वाळवी लागू न देणं हे माझं काम. पोरं मला मामा म्हणतात.

मागच्या वर्षी भूगोलाच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. शिरोळ तालुक्यातली, नृसिंहवाडीच्या अलीकडं गाव. रोज एस.टी.नं ये-जा. कॉम्प्युटरसमोर बसून बराच वेळ काहीतरी शोधत होती. मग काउंटरला येऊन म्हणाली, “मामा, पुरावर काहीच नाही का हो आपल्याकडं?”

मी जाऊन स्क्रीन बघितली. तिनं शोधायच्या चौकटीत ‘पूर’ एवढंच टाकलं होतं. खाली यादी आली होती ती कोल्हापूर, सोलापूर, नागपूर, पंढरपूर. दीडशे-दोनशे पुस्तकं, त्यात नदीच्या पुराचं एकही वर दिसत नव्हतं. मशीन अक्षरं जुळवतं, अर्थ नाही. तिला म्हटलं, ‘महापूर’ टाक, ‘आपत्ती’ टाक, ‘कृष्णा खोरे’ टाक, ‘पाटबंधारे’ टाक. जुन्या पुस्तकांत पाटबंधारे असतं, नव्या अहवालांत जलसंपदा. शब्द बदलत गेलो तशी यादी बदलत गेली. पंधरा मिनिटांत तिच्या वहीत अकरा नंबर उतरले.

ते नंबर बघून ती परत गोंधळली, कारण एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. ही गोष्ट कुणी पोरांना नीट सांगत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो. आपल्याकडं पुस्तकं ड्युई दशांश पद्धतीनं लावलेली असतात. त्या पद्धतीत पुस्तकाची जागा ठरते ती त्यानं विषयाकडं कोणत्या बाजूनं बघितलंय त्यावर. पुराचं पाणी, नदीचं वागणं असा अभ्यास असेल तर ५५१ मध्ये. पूर म्हणजे आपत्ती, लोकांना हलवणं, मदत, पुनर्वसन, तर ३६३ मध्ये. धरणं, बंधारे, पूर अडवायची बांधकामं, तर ६२७ मध्ये. आणि आपल्या भागाचा इतिहास, त्यात पुराची चार पानं, तर ९५४ मध्ये, महाराष्ट्राचं ९५४.७९२. म्हणजे एकाच विषयाची पुस्तकं चार कपाटांत, आणि आमच्याकडं तर दोन मजल्यांवर. जो एका कपाटापाशी उभा राहून “काही नाही” म्हणून परत जातो त्याला पाव भागच दिसलेला असतो. त्या पोरीला मी चारही कपाटांपाशी नेलं आणि सांगितलं, नंबरचं पुस्तक काढलंस की त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची पाच-पाच पुस्तकंही बघ. यादीत न सापडलेलं तिथं सापडतं.

हे मी एवढं ठासून का सांगतो त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलानं कोल्हापूर जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, मागितलं होतं. रजिस्टरमध्ये पुस्तक होतं, कुणाच्या नावावर गेलेलं नव्हतं. मी कपाटापाशी गेलो, जागेवर दिसलं नाही, परत येऊन “नाही” म्हटलं. तो दोन दिवस परत आला, मी दोन्ही दिवस तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. दिवाळीच्या सुट्टीत कपाटं पुसताना ते पुस्तक मला ९४५ मध्ये मिळालं, इटलीच्या इतिहासात. कुणीतरी, कदाचित मीच, ९५४ चं ९४५ वाचून तिथं लावलं होतं. त्या मुलाचं काम त्याविना जमा झालं होतं. तेव्हापासून मी “नाही” म्हणायच्या आधी आकडे उलटे करून बघतो, वरचा-खालचा कप्पा बघतो, परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली बघतो, बाइंडिंगला गेलेल्यांची वही बघतो. आणि पोरांनाही सांगतो, आम्ही एकदा नाही म्हटलं म्हणून जाऊ नका. परत शोधायला लावा. तो तुमचा हक्क आहे.

तर ती मुलगी. तिचा विषय होता ‘पंचगंगेचे महापूर’. केवढा मोठा! मी तिला विचारलं, तुला स्वतःला काय कळून घ्यायचंय? आधी पुस्तकातलं उत्तर दिलं, कारणे व उपाययोजना वगैरे. मग थोडं थांबून म्हणाली, “आमच्या गावात पाणी येतं त्याचं काही वाटत नाही मामा, ते जात का नाही हे कळत नाही. कोल्हापुरात उतरतं तरी आमच्यात तसंच असतं.” मी म्हटलं, हाच तुझा विषय. हे लिहून काढ आणि तुझ्या भूगोलाच्या मॅडमना दाखव.

प्रश्न लहान झाला आणि पुस्तकंही वेगळी लागायला लागली. पहिल्यांदा मराठी विश्वकोश. नोंद छोटी असते, पण नद्यांची नावं, संगम, लांबी हे एका जागी मिळतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा, प्रयाग चिखलीला संगम, पुढं नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. तिला हे माहीतच होतं, पण माहीत असलेलंही कुठल्या खंडात कुठल्या पानावर आहे ते लिहावं लागतं. मग संदर्भ विभागातलं गॅझेटियर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा चोविसावा खंड कोल्हापूरचा, १८८६ चा. नंतर राज्य शासनानं कोल्हापूर जिल्ह्याचं नवं काढलं, ते १९६० चं. दोन्ही इंग्रजीत, जाड, म्हणून पोरं हात लावायला भितात. तिला म्हटलं, सगळं वाचायचं नसतंय. जुन्यात पहिलं प्रकरण प्रदेशाच्या वर्णनाचं असतं, नद्या तिथं आहेत. शेवटचं प्रकरण एकेका गावाचं, आणि मागं सूची. सूचीतून आत शिर. ती दुपारभर बसली. गावाची नावं इंग्रजीत कशी लिहिलीत ते ओळखता ओळखता तिला गोडी लागली.

पण मला तिचा चेहरा आठवतो तो वर्तमानपत्रांच्या खोलीतला. आमच्याकडं काही वर्षांची स्थानिक दैनिकं महिन्यामहिन्याचे गठ्ठे बांधून ठेवलीत. १९८९ च्या पुराच्या पावसाळ्याचा खंड मी तिला काढून दिला. दोन माणसांनी उचलावा एवढा. कापडी पाठ सुटत आलेली, पानांच्या कडा चहाच्या रंगाच्या. असा खंड उभा धरायचा नाही, मोठ्या टेबलावर सपाट ठेवायचा, पान वरच्या कोपऱ्यातून उचलायचं आणि तळहातानं आधार देत उलटायचं. थुंकी लावायची नाही. झेरॉक्सला द्यायचा नाही, काचेवर दाबला की पाठ तुटते. मोबाइलनं फोटो घ्यायचा, फ्लॅश बंद करून, आणि फोटोत तारीख आणि पान नंबर आलाच पाहिजे. ती पहिल्या पानावरचे मोठे मथळे टिपत होती. मी म्हटलं, आतली पानं बघ की. आत बारीक टायपात असतं, कुठल्या मार्गावरची एस.टी. बंद, कुठला बंधारा पाण्याखाली, कुठला रस्ता कधी सुरू झाला. पूर कधी आला हे मथळा सांगतो, पाणी कधी गेलं हे या बारीक बातम्या सांगतात. तुझा प्रश्न पाणी जाण्याचा आहे. तासाभरानं ती उठून आली. एका आतल्या पानावर तिच्या गावचं नाव होतं. बोट टेकवायचं नाही हे लक्षात ठेवून तिनं बोट नावाच्या वर थोडं अधांतरी धरलं होतं.

मग २००५, २०१९, २०२१ चे पूर. या वर्षांचं बरंच ऑनलाइन मिळतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आपल्याकडं पावसाळ्यात घराघरात पाठ असते, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पण मोबाइलवर फिरलेला आकडा असाइनमेंटमध्ये चालत नाही. तो कुठल्या दिवशी, किती वाजता, कुणी जाहीर केला ते लागतं. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी तिला एन-लिस्टचा आयडी काढून दिला. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांसाठीच्या केंद्राची ही सोय आहे. कॉलेजनं नोंदणी केलेली असली की विद्यार्थ्याला घरी बसून हजारो जर्नल आणि ई-पुस्तकं वाचता येतात. आमच्या कॉलेजात हा आयडी मागणारी पोरं बोटावर मोजण्याइतकी असतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. शोधगंगाही तसंच. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथं पूर्ण वाचायला मिळतात, आपल्या शिवाजी विद्यापीठाचेही. मॅडमनी तिला एक चांगली युक्ती दिली, प्रबंध आधी शेवटून उघडायचा. मागची संदर्भसूची वाचायची. ज्यानं चार-पाच वर्षं घालवून ती यादी केली त्यानं तुमचं निम्मं शोधणं करून ठेवलंय. त्यातली जी पुस्तकं आमच्याकडं नव्हती त्यांच्यासाठी मॅडमनी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाला पत्र दिलं. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासूनचं, तिथंही जुनं मराठी बघून ये म्हणून मी सांगितलं.

खरी अडचण आली ती अलमट्टीपाशी, म्हणजे कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेल्या धरणापाशी. शिरोळ तालुक्यात कुणालाही विचारा, पाणी का उतरत नाही, उत्तर एकच, अलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणानं अडवलेलं पाणी मागं चढत येतं. तिच्या घरीही तेच. पण २०१९ च्या पुरानंतर शासनानं नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं त्या पुराला अलमट्टी कारणीभूत नाही असं म्हटलंय. ती अहवाल घेऊन माझ्यापुढं उभी, जवळजवळ रडवेली. “मामा, हे लिहिलं तर आमच्या घरातले मला काय म्हणतील?” मी बारावी आणि ग्रंथालयाचं प्रमाणपत्र एवढाच शिकलेला, त्याचं उत्तर देणारा मी कोण? पण इतकं मला कळतं की दोन कागद दोन गोष्टी सांगत असले तर एक लपवायचा नाही. दोन्ही लिहायचे, कुणी कशाच्या आधारावर म्हटलंय ते लिहायचं. असं नेहमीच होतं. राधानगरी धरणाचं काम शाहू महाराजांनी सुरू केलं, त्याचं साल कुठं १९०७ मिळतं, कुठं १९०८. पोरं त्यातलं एक खोडून टाकतात. खोडू नका. कुठल्या पुस्तकात कुठलं साल ते लिहा, तुमचे सर त्याचे मार्क देतील.

तिनं तसंच केलं. लोकांचं म्हणणं एका भागात, समितीचं दुसऱ्या भागात. आणि मधे नदीचं साधं गणित, कृष्णाच फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी संगमाशी अडतं आणि मागं पसरत जातं, नदीला उतारही फार नाही. मग तिनं अशी एक गोष्ट केली जी आमच्या एकाही कपाटात नव्हती. त्यांच्या घराच्या सोप्यात आजीनं दर पुराला पाणी चढलं तिथं भिंतीवर गेरूनं रेघ ओढून ठेवलीय. तिनं टेप घेऊन त्या रेघा उंबऱ्यापासून मोजल्या, शेजारच्या सहा घरांतल्या मोजल्या, आणि पाणी किती दिवस होतं ते प्रत्येक घरी विचारून तक्ता केला. २०१९ ला त्यांच्या घरात नऊ दिवस. हा तक्ता वर्तमानपत्रातल्या तारखांशी ताडून बघितला. दोन ठिकाणी आजीची आठवण आणि बातमी यांत दोन दिवसांचा फरक निघाला, तोही तिनं लिहिला.

काम चालू असताना तिच्याकडून एक चूक झाली, ती बहुतेक सगळ्यांकडून होते म्हणून सांगतो. पहिल्या आठवड्यातल्या टिपणांवर तिनं पान नंबर लिहिले नव्हते. शेवटी संदर्भ लिहिताना चाळीसएक टिपणांची पानं परत शोधावी लागली. तीन दिवस गेले, जमा करायच्या आधीचे तीन दिवस. वहीच्या पानावर टिपण लिहायच्या आधी पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन, साल, पान आणि आमचा कॉल नंबर, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचा जागेचा नंबर, लिहा. आधी, नंतर नाही. कॉल नंबर असला तर मी ते पुस्तक दोन मिनिटांत परत काढून देतो.

प्रोजेक्टची एक प्रत विभागानं लायब्ररीला दिली. मी त्या प्रतीचं नाव दाखल रजिस्टरला चढवलं, मागं खिसा चिकटवला, ३६३ च्या कपाटात ठेवली. यंदा पहिल्या सत्रातच दोघा मुलांनी ती मागून नेली, एकजण हातकणंगले तालुक्यातला, इचलकरंजीच्या बाजूचा. तो म्हणाला त्यांच्या गल्लीतही असल्या रेघा आहेत.

१९८९ चा तो खंड सध्या बाइंडिंगला गेलाय. पाठ अगदीच सुटली होती. दिवाळीनंतर येईल. ज्यांना बघायचा आहे त्यांनी दुपारी दोननंतर यावं, तेव्हा मोठं टेबल मोकळं असतं.