बोटभर ओल

पैठणहून नाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते. यंदा मी पहिल्यांदाच चाललो, पायात कोरे करकरीत बूट घालून. दिंडीतल्या एका आजींनी गोदाकाठीच हटकलं होतं, "लेकरा, नवं पायताण वारीत घालू नाही. घासून जुनं झालेलं घाल." मी हो म्हणालो आणि विसरलो. आजींची ही बाविसावी वारी.

रायमोह्याला पोचलो तेव्हा दोन्ही टाचांना फोड होते. आजी एका शब्दानं बोलल्या नाहीत. फोड फोडू दिले नाहीत, खोबरेल लावलं, जुन्या लुगड्याची पट्टी बांधली आणि पिशवीतून वापरलेल्या चपलांचा जोड काढला. नातवाच्या होत्या. दरसाल एक जोड जादा आणतात. "कुनीतरी असतंच," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गारमाथ्याचा चढ. बालाघाटाचा हा डोंगर चढताना बोलायला दम पुरत नाही, तरी मी बोललो, कारण मनात वर्षभर साचलेलं होतं. वडील जाण्याआधी एवढंच सांगून गेले होते, "बोटभर ओलीवर पेरू नको." कृषी खातंही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं. गेल्या मृगात एक जोरदार सर आली, शेजाऱ्याचं तिफण बाहेर निघालं आणि माझा धीर सुटला. नंतर वीस-बावीस दिवस आभाळ कोरडं. चार एकर दुबार पेरलं. बियाणाच्या पैशापेक्षा वडिलांचा शब्द मोडल्याचं जास्त लागलं, अजूनही लागतं.

आजी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी तरी सासूचं कुठं ऐकलं? बहात्तरच्या दुष्काळाआधी ती म्हनायची, कणगीत दोन सालाची जवारी ठिवा. आमी इकून टाकली. मग खडी फोडली, सुकडी खाल्ली, ती लाल मिलो जवारी खाल्ली. तव्हापसून माझी कणगी रिकामी नाही."

पाटोद्याला रात्री कीर्तनात अवधूताचे चोवीस गुरू आले, म्हणजे ज्यांच्याकडे बघून तो विरक्त साधू शिकला ते. देवगिरीला जनार्दनस्वामींपाशी शिकलेल्या नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिली, १५७३ साली काशीत पुरी केली. त्यातलाच हा यदु-अवधूत संवाद. चोचीत मांस धरलेल्या कुरर पक्ष्यावर बाकीचे पक्षी तुटून पडतात. तो मांस टाकतो तेव्हा कुठे सुटतो. मासा गळाला लागतो, पतंग दिव्यावर जळतो. अवधूतानं हे नुसतं पाहिलं आणि शिकला. त्याला स्वतःला गळाला लागावं लागलं नाही! मला झोप येईना. त्याला जे बघून जमलं, ते मला माझ्या बापानं सांगूनही का जमलं नाही?

पहाटे आजींना विचारलं. त्या पट्टी बदलत होत्या. "त्यो थांबून बघत व्हता, बाबा. तू पेरनीच्या दिशी थांबला व्हता का?"

नव्हतो थांबलो. शेजाऱ्याचं तिफण तेवढं पाहिलं होतं, त्याच्या विहिरीला पाणी आहे हे पाहिलंच नव्हतं. माझं रान कोरडवाहू.

खर्ड्याच्या अलीकडे धाकट्या भावाचा फोन आला. रात्री गावात पाऊस झाला होता. "दादा, सगळे निघालेत. पेरू का?" मागे औत जुंपल्याचा आवाज येत होता. ओठावर आलेलं 'पेर' मी गिळलं.

"ओल किती गेली?"

"चांगली गेली की."

"चांगली म्हणजे किती? कुदळ घे. बांधाजवळ नको, रानाच्या मधोमध उकर."

आजी शेजारीच टाळ सावरत होत्या. त्यांनी हात पुढे केला, मी फोन दिला. "माउली, मूठभर माती घट दाब," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अन् सोड. गोळा ऱ्हातुया का फुटतुया, ते सांग. आमी थांबलोत."

दिंडी पुढे सरकली. आम्ही दोघं लिंबाखाली उभे राहिलो.