पाणी असेल तेव्हाच गळती ऐकू येते

आमच्या सोसायटीचं पाण्याचं बिल फुगलं तेव्हा पहिला संशय भाडेकरूंवर गेला. मग गाड्या धुणाऱ्या पोरांवर, आणि मग ज्यांच्या घरी नुकतंच लग्न झालं होतं त्यांच्या पाहुण्यांवर. मी सेक्रेटरी असल्यामुळे प्रत्येकाचा संशय आधी माझ्या दारात येतो, मग मीटिंगमध्ये जातो. जमिनीखाली काही फुटलं असेल असं कुणीच म्हणालं नाही, कारण आवारात कुठे पाणी साचलेलं दिसत नव्हतं.

आम्ही मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला राहतो. तीन विंग, ४८ घरं, चाळिशी ओलांडलेल्या इमारती. मुंबईत घरगुती पाण्याचा दर सरळसोट नसतो. माणशी दिवसाला १५० लिटरपर्यंत साधा दर, त्यापुढे टप्प्याटप्प्याने दुप्पट, तिप्पट, चौपट. त्यामुळे वापर थोडा वाढला तरी बिल बरंच वाढतं. गळून जाणारं पाणी तर नेहमी शेवटच्या, महागड्या टप्प्यातलंच ठरतं. खजिनदारांनी हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा पाहुण्यांची सुटका झाली. एवढं पाणी पाहुणे वापरूच शकत नाहीत.

पुढचा धागा मिळाला तो वॉचमनमामांच्या वहीत. पंप किती वाजता लावला, किती वाजता बंद केला, हे ते रोज लिहितात. आजवर ती वही कुणी उघडून बघितली नव्हती. आमच्याकडे, बहुतेक मुंबईसारखंच, पालिकेचं पाणी मीटरमधून जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाक्यांत चढतं. घरांमध्ये फ्लश गळत असते किंवा कुणी नळ सोडून जात असतं, तर पंप जास्त वेळ चालला असता. वहीत तर पंपाचे तास वर्षभर जवळपास तेच होते. मीटरवर पाणी वाढलं, पंपावर वाढलं नाही. म्हणजे पाणी एकतर टाकीत पोचतच नव्हतं, नाहीतर टाकीतूनच मुरत होतं.

टाकीचा निकाल लावणं सोपं होतं. रात्री पंप बंद ठेवला, पाण्याच्या पातळीवर आतल्या भिंतीला खूण केली आणि पहाटे पाणी यायच्या आधी पुन्हा बघितलं. पातळी हलली नव्हती. उरला तो मीटर ते टाकी हा जमिनीखालचा पाइप.

त्याची परीक्षा मात्र पाणी चालू असतानाच घ्यावी लागते, आणि आमच्याकडे चावीवाल्याने चावी सोडली की पाचच्या आधी पाणी येतं नि आठच्या सुमारास जातं. पाणी येताना पाइपातली हवा पुढे ढकलली जाते आणि ती हवाही मीटर फिरवते. म्हणून पहिली वीसेक मिनिटं सोडून दिली. मग टाकीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणाऱ्या फ्लोटवर विसंबलो नाही. आता पाण्याला जायला जागाच नव्हती, तरी मीटरचा काटा आरामात फिरत होता. दहा मिनिटांत चारशे लिटर. व्हॉल्व्ह बंद असताना पाइपात दाब वाढतो, त्यामुळे रोजची खरी गळती याहून थोडी कमी असणार. तरी तीन तासांत सहा-सात हजार लिटर पाणी जमिनीत जात होतं, असा हिशेब निघाला. एका टँकरच्या आसपास.

पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली होती. पालिकेची माणसं आली, रस्त्याकडची बाजू तपासली आणि तिथे काही नाही म्हणाली. मीटरच्या पुढचा पाइप सोसायटीचा. नियमाला धरूनच बोलले ते.

मीटिंगमध्ये मात्र गळती कुठे आहे हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. सी विंगच्या लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साठत होतं, ते सुद्धा ऐन फेब्रुवारीत. "तिथेच फुटलाय, तिथेच फोडा," असं तिसऱ्या मजल्यावरचे काका प्रत्येक सभेत उभं राहून सांगायचे. आमच्या नेहमीच्या प्लंबरलाही ते पटलं होतं. त्याने पेव्हर ब्लॉक उचलायचा आणि खोदायचा भाव देऊनही टाकला. मला ते पटेना, कारण मीटर फाटकापाशी, टाकी ए विंगच्या मागे आणि लिफ्ट दुसऱ्या टोकाला. पाइप त्या बाजूला जायचं कारणच काय? पण पाइप नक्की कुठून जातो हे दाखवणारा नकाशा सोसायटीत नव्हता. बिल्डरने दिला असेल तर तो कुठल्या तरी माजी सेक्रेटरीच्या माळ्यावर असेल.

लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी पालिकेचं की जमिनीतलं, यासाठी कुणीतरी क्लोरीन तपासायचे थेंब आणले. नळाच्या पाण्यात टाकले की पिवळा रंग येतो. खड्ड्यातल्या पाण्याला आला नाही. "बघा, जमिनीतलं पाणी आहे," म्हणून अर्धे लोक घरी गेले. पण क्लोरीन मातीतून झिरपताना संपतो. रंग आला असता तर पाणी नळाचं हे नक्की झालं असतं. आला नाही याने काहीच सिद्ध होत नाही. म्हणून आम्ही रात्री खड्डा कोरडा करून घेतला. पहाटेपर्यंत तो जवळपास कोरडा होता. पाणी येऊन गेल्यावर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पातळी चढायला लागली, दुपारनंतर थांबली. पाणी सोडायच्या वेळेशी त्याचं नातं होतं, पण चार-पाच तासांच्या उशिराने. म्हणजे पाणी आपलंच होतं, फक्त दूरवरून येत होतं. आवारातली सगळ्यात खोल जागा तीच. फुटलेल्या ठिकाणाहून पाणी जुन्या चरांमधल्या रॅबिटमधून, म्हणजे विटा-दगडांच्या भरावातून, वाट काढत उतारावर जातं आणि तिथे वर येतं. ओल दिसते तिथे खोदायचं, हा आपल्याकडचा सर्वमान्य मार्ग आहे. त्याने आमचं निम्मं आवार उखडलं गेलं असतं.

मग गळती शोधणाऱ्यांना बोलवायचं ठरलं. पहिले आले ते भर दुपारी. पाइपात पाणीच नाही, तर आवाज कसला येणार? तरी कानाला हेडफोन लावून आवारभर फिरले आणि चार ठिकाणी खडूने फुल्या मारून गेले. त्यांचं नाव सांगत नाही, पण पाण्याची वेळ न विचारता येणाऱ्या माणसाला फी देऊ नका, एवढं सांगते.

दुसरा माणूस फोनवर पहिलाच प्रश्न विचारता झाला, "ताई, तुमच्याकडे पाणी कधी येतं?" त्याला लगेच बोलावलं.

त्याने आधी पाइपाचा मार्ग शोधला. मीटरजवळच्या लोखंडी पाइपाला एक यंत्र जोडून त्यातून सिग्नल सोडला आणि जमिनीवरून दुसरं यंत्र फिरवत तो जिथे जास्तीत जास्त मिळतो ती रेघ काढत गेला. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप धातूचा, त्यामुळे हे जमतं. पाइप सरळ नव्हता. एके काळच्या सेप्टिक टँकला वळसा घालून तो पार्किंगच्या खालून गेला होता. आणि पार्किंगमध्ये सिग्नल अचानक तुटला, पुढे काही अंतरावर पुन्हा क्षीण मिळाला. तेवढ्या भागात प्लॅस्टिकचा तुकडा असणार, असं तो म्हणाला. तेव्हा वॉचमनमामांना आठवलं की पेव्हर ब्लॉक बसवताना कंत्राटदाराच्या माणसांकडून पाइप फुटला होता आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जोडून दिला होता. कमिटीच्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख कुठेच नाही.

ऐकायचं काम पहाटे झालं. टाकीचा व्हॉल्व्ह बंद, कारण फ्लोटमधून पडणाऱ्या पाण्याचा आवाज सगळं झाकून टाकतो. पंप बंद. आवारातला एकही नळ सुरू नको म्हणून मामा फाटकापाशी उभे. दुधाच्या क्रेट येईपर्यंतची ती शांत वेळ. दाबाखालचं पाणी भोकातून बाहेर पडताना पाइप थरथरतो आणि ती थरथर धातूतून लांबवर जाते. त्याच्याकडे दोन सेन्सर होते. एक मीटरपाशी पाइपाला चिकटवला, दुसरा टाकीच्या व्हॉल्व्हपाशी. एकच आवाज दोन्हीकडे किती फरकाने पोचतो ते यंत्र मोजतं. पाइपाची लांबी आणि त्यातून आवाज जायचा वेग दिला की गळतीचं अंतर निघतं. आमचा पाइप ४२ मीटरचा निघाला होता. यंत्राने आकडाही दिला, पण त्यावर त्याने लगेच विश्वास ठेवला नाही. लोखंडी पाइपातून आवाज सेकंदाला हजार मीटरहून जास्त वेगाने जातो, प्लॅस्टिकमधून निम्म्याहूनही कमी, शिवाय लवकर विरतो. मधे प्लॅस्टिकचा तुकडा, त्याची लांबी अंदाजाने धरलेली. त्यामुळे आकडा दोन-तीन मीटर इकडेतिकडे असणार, असं त्याचं म्हणणं. पार्किंगमध्येच कुठेतरी, एवढं मात्र ठरलं.

पुढचं काम जमिनीवरच्या मायक्रोफोनचं. इथे पेव्हर ब्लॉक आडवे आले. खाली वाळूचा थर असतो, त्यात आवाज गादीत बुक्की मारल्यासारखा जिरतो. म्हणून ठराविक अंतराने एकेक ब्लॉक उचलला आणि खालच्या घट्ट जमिनीवर मायक्रोफोन टेकवला. त्याने मलाही हेडफोन दिला. पहिल्या दोन जागी रेडिओवर स्टेशन लागलं नसतानाची खरखर. पुढच्या जागी तीच, पण जाड आणि सलग, मधेच न तुटणारी. त्याच्यापुढे पुन्हा हलकी. पंप बंद असूनही एक गुणगुण सगळीकडे होती. ती विजेच्या केबिनमधली, तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही, असं त्याने समजावलं. शेवटी एक टोकदार सळई जपून खाली ठोकत पाइपाला टेकवली आणि वरच्या टोकाला कान लावला. सळई ठोकण्याआधी गॅसची लाइन आणि विजेची केबल कुठून जाते हे बघून घेतलं होतं. हे कुणी टाळू नये.

हायड्रोजन-नायट्रोजनचा वायू पाइपात भरून, जमिनीतून वर येणारा हायड्रोजन यंत्राने हुंगायचाही एक मार्ग आहे. मिश्रणात हायड्रोजन पाच टक्केच असतो, त्यामुळे पेटायची भीती नसते. पाइप सगळा प्लॅस्टिकचा असता किंवा दाब फारच कमी असता तर तो करावा लागला असता, खर्चही वाढला असता. आम्हाला गरज पडली नाही.

सळईच्या खुणेवर तीन फूट खोदल्यावर पाइप सापडला आणि भोक जवळजवळ तिथेच होतं. प्लॅस्टिकचा तुकडा जिथे जीआयला जोडला होता तिथे, आट्यांवर, खालच्या बाजूने. करंगळी जाईल एवढं. आटे पाडताना वरचा जस्ताचा थर निघून जातो आणि पाइपाची जाडीही कमी होते. वरून काही लेप न लावता तो तसाच पुरला होता, आणि आमच्याकडची माती खारट. तिथूनच सडणार होता.

खड्ड्यात दुसरी एक गोष्ट दिसली आणि बिलाचा विषय मागे पडला. वीतभर अंतरावर सांडपाण्याचा जुना पाइप होता आणि त्याचा सांधा पाझरत होता. पाणी चालू असतं तोवर आपल्या पाइपातून बाहेर गळतं. पाणी गेलं की पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकातून बाहेरचं आत ओढलं जातं. फाटकाजवळच्या, टाकीत न जाता थेट पाइपावरूनच येणाऱ्या नळाला पहाटे पहिल्या बादलीला वास येतो, हे मामा कधीचे सांगत होते आणि ती बादली झाडांना घालत होते. उरलेल्या आम्हा सगळ्यांचं ते टाकीत मिसळत होतं. चोवीस तास पाणी असलेल्या गावात गळती म्हणजे नासाडी. मुंबईत तिचा अर्थ याहून वाईट आहे.

त्यामुळे क्लॅम्प मारून भागवायचं की सगळा पाइप बदलायचा, हा वाद लांबला नाही. तात्पुरता क्लॅम्प बसवला, सांडपाण्याचा सांधा दुरुस्त केला आणि मीटरपासून टाकीपर्यंत नवा एचडीपीई, म्हणजे टणक प्लॅस्टिकचा पाइप वेगळ्या मार्गाने, ड्रेनेजपासून लांब आणि त्याच्या वरच्या पातळीवर टाकला. काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घेतलं. प्लॅस्टिकमधून सिग्नल जात नाही, म्हणून पाइपाच्या सोबत तांब्याची एक वायर पुरून दोन्ही टोकं चेंबरमध्ये काढून ठेवली. ही सूचना त्या गळती शोधणाऱ्याची. खर्च किरकोळ आहे आणि करायला कुणीच सांगत नाही. मधे एक व्हॉल्व्हही घातला. पुढे कधी मीटर फिरताना दिसला तर निम्मा पाइप तिथेच शोधातून बाद होईल. टाकी रिकामी करून घासली, ब्लीचिंग पावडरने धुतली आणि मगच पाणी वर चढवलं. तेच क्लोरीनचे थेंब तिन्ही विंगच्या नळांना लावले, सगळीकडे पिवळे.

व्हॉल्व्ह बंद केला की मीटर आता जागेवर उभा राहतो. महिन्यातून एकदा मामा आणि मी हे बघतो, आणि ते त्याच वहीत लिहितात.

सी विंगच्या लिफ्टच्या खड्ड्यात मात्र अजून थोडं पाणी येतं. पाणी सोडायच्या वेळेशी त्याचा आता संबंध उरलेला नाही, भरतीच्या दिवसांत जास्त वाटतं. काकांचं म्हणणं, तिथे दुसरा पाइप फुटलाय. वॉटरप्रूफिंगवाल्याला मेमध्ये बोलावलं आहे.