डावखुरा बास मिरजेला न्यायचाय

गेल्या डिसेंबरात तीन आठवडे मिरजेला होते आणि तीन आठवडे बास गिटारला हात लागला नाही. हॅम्बुर्गला परतले तेव्हा बोटांची कातडी मऊ पडलेली. जाड तारेवर दहा मिनिटं वाजवलं की बोटं हुळहुळायची. माझा मोठा बास जवळजवळ ११७ सेंटिमीटर लांब आणि चार किलोंहून जड. तो केबिनमध्ये मावत नाही आणि चेक-इनला द्यायचा माझा जीव होत नाही. पुढच्या खेपेला बरोबर नेता येईल असा छोटा बास घ्यायचा, हे तेव्हाच ठरवलं. छोटा, प्रवासाला सोपा आणि डावखुरा. या शेवटच्या शब्दापायी शोध आठ महिने चालला.

बास ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. चार जाड तारा, गिटारच्या सर्वांत जाड चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या. गाणं ऐकताना तो चटकन कानात भरत नाही, पण काढून घेतला की गाणं पोकळ होतं. तबल्याच्या जोडीत डग्ग्याचं जे काम, तेच याचं. मला तो आवडला तो त्या घुमाऱ्यासाठीच.

इथल्या एका मोठ्या दुकानात बासची अख्खी भिंत आहे. साठ-सत्तर तरी असतील. त्यांत डावखुरे चार, आणि त्या चारांत छोटा एकही नाही. विक्रेता भला माणूस होता. म्हणाला, "उजवा छोटा घ्या, तारा उलट्या लावून देतो."

ते ऐकलं आणि मिरजेची सतारमेकर गल्ली डोळ्यांपुढे आली. मी नऊ वर्षांची असताना बाबा मला तिथे घेऊन गेले होते. भोपळ्यावर कानस मारत बसलेल्या कारागिराने माझ्या हातात एक तयार सतार दिली, मी ती कशी धरते ते पाहिलं आणि बाबांना म्हणाला, "पोरगी डावरी दिसतीय. डावीच करून देतो, पण चार महिने लागतील." ही उलटी धरली तर चालणार नाही का, असं बाबांनी विचारलं. त्याने मान हलवली. बाजाची मुख्य तार आणि ठेक्यासाठी छेडायच्या चिकारीच्या तारा यांच्या जागा उलटतात, खालच्या घुमणाऱ्या तरफांच्या खुंट्या नको त्या बाजूला येतात. तेव्हा पैशांचं जमलं नाही. क्लासमधल्या उजव्या सतारीवर मी दोन वर्षं काढली आणि सोडून दिली. माझा हात वाईट होता असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

बासचंही तसंच आहे. उजवा बास उलटा केला की नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळ तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, खाचा चुकतात, कारण सर्वांत जाड तारेची खाच आता बारीक तारेच्या वाट्याला येते. तारांची दुसरी टोकं धरणाऱ्या ब्रिजवरचं लांबीचं जुळवणं नव्याने करावं लागतं. इथवर ठीक, हे कारागीर करून देतो. पण बॉडीची खाच, जी वरच्या फ्रेटपर्यंत, म्हणजे सतारीच्या पडद्यांसारख्या पट्ट्यांपर्यंत, हात जावा म्हणून कोरलेली असते, ती चुकीच्या अंगाला जाते. आवाजाची बटणं आणि केबलचा जॅक वाजवणाऱ्या हाताखाली येतात. गळ्यातल्या पट्ट्याचा खिळा जातो बॉडीच्या खालच्या शिंगावर आणि बास गळ्यात तोल धरत नाही. नेकच्या, म्हणजे दांडीच्या, कडेवरचे ठिपके, ज्यांकडे बघून जागा कळते, ते पलीकडे जातात. उजवा बास उलटवून उत्तम वाजवणारे आहेत. पण ज्यांना पर्याय आहे त्यांनी तो सोडू नये, हे मी ठामपणे सांगेन.

आता छोटा म्हणजे किती? नट ते ब्रिज हे तारेचं अंतर नेहमीच्या बासवर ३४ इंच असतं, छोट्यावर ३० इंच. चार इंचांनी काय होतं ते हाताला विचारा. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतची फाक १३ सेंटिमीटरवरून साडेअकराच्या खाली येते. माझा तळवा लहान आहे, मला हा फरक पहिल्याच मिनिटाला कळला. दुसरीकडे, तीच तार त्याच सुरात लावली तर तिच्यावरचा ताण सुमारे २२ टक्के कमी होतो. बोटांना सोपं जातं, पण सर्वांत खालची ई तार सैल, लोळल्यासारखी वाजू शकते. म्हणून तार किंचित जाड घ्यायची आणि शॉर्ट स्केलची, म्हणजे छोट्या बाससाठीच बनवलेली घ्यायची. लांब तार कापून लावली की तिचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो, आणि सपाट वेढ्याची तार तिथे दुमडून खराब होते.

डावखुऱ्या बासवाल्यांच्या दृष्टीने हॅम्बुर्ग हे साधं शहर नाही. १९६० च्या ऑगस्टमध्ये बीटल्स इथल्या ग्रोसे फ्रायहाइट रस्त्यावरच्या इंद्रा क्लबात वाजवायला आले. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या डावखुऱ्या पॉल मॅकार्टनीने याच शहरात व्हायोलिनच्या आकाराचा होफ्नर बास घेतला, सुमारे ३० पौंडांना. डावखुरा, ३० इंची, आतून पोकळ आणि म्हणून हलका. दोन्ही अंगांनी सारखा असल्यामुळे डावखुऱ्याच्या हातात तो विचित्र दिसत नाही, हेही त्याला पटलं होतं. तो बास १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेला आणि २०२४ मध्ये तो परत मिळाल्याचं जाहीर झालं. बातमी वाचून मी ऑफिसातच रडले. बावन्न वर्षांनी कुणाला आपलं वाद्य परत मिळतं!

अर्थातच आधी त्याच घराण्यातला एक नवा, डावखुरा वाजवून पाहिला. आवाज गोल, लाकडी, ऐकतच राहावा असा. पण पोकळ, नाजूक पोट आणि चिकटवलेली, काढता न येणारी नेक. चेक-इनला द्यायचा तर त्याला जड पेटी हवी, मग प्रवासाला सोपा कसला? हेडस्टॉक, म्हणजे नेकच्या टोकाचा खुंट्यांचा भाग, नसलेला बासही पाहिला. लांबी एकदम कमी होते, पण माझ्यापुढच्या बासला दोन्ही टोकांना गोळी असलेल्या तारा लागत होत्या. मिरजेत तशी तार तुटली तर सुट्टी संपली. रबरासारख्या तारांचा, युकुलेलेएवढा यू-बास डावखुरा मिळतो आणि आवाजही सुरेख आहे. माझ्या बोटांना मात्र त्या तारा परक्याच राहिल्या. तीन आठवडे त्यावर वाजवून मोठ्या बासचा सराव टिकला नसता.

शेवटी मिळाला तो एका वृद्ध, डावखुऱ्या बासवाल्याकडे, हॅम्बुर्गजवळच्या लूनेबुर्गमध्ये. एका लहान कार्यशाळेत त्यांनी स्वतःसाठी करून घेतलेला, भरीव लाकडाचा, ३० इंची. सांधे दुखायला लागल्यावर त्यांनी मोठा सोडून हा धरला होता, आता हाही पेलत नव्हता. मी दोन तास वाजवलं, ते समोर बसून ऐकत होते. तीनशे ऐंशी युरोंना दिला. तारांचा जास्तीचा जोडही दिला.

याची खरी करामत नेकच्या मागे आहे. नेक चार स्क्रूंवर बसते. सारखे काढले-लावले तर लाकडातली भोकं सैल होतात, म्हणून त्यांनी आत आटे असलेल्या पितळी पुंगळ्या बसवून घेतल्या होत्या. तारा सैल करायच्या, खुंट्यांवरून उतरवायच्या, चार स्क्रू काढायचे. नेक भरते ७४ सेंटिमीटर आणि माझ्या मोठ्या बॅगेत तिरकी बसते. बॉडी कपड्यांच्या मधोमध. पुन्हा जोडून सुरात आणायला मला वीस मिनिटं लागतात. तारा पहिल्या दिवशी सुरातून उतरतात, दुसऱ्या दिवशी टिकतात.

फ्रेटबोर्ड शिसवीचा आहे, आपल्याकडच्या जातीचा. २०१७ मध्ये शिसवाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आली तेव्हा वादकांची झोप उडाली होती. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलचा शिसव मात्र अजूनही कडक नियमांत आहे. वाद्य घेऊन परदेश प्रवास करणाऱ्यांनी आपलं लाकूड कुठलं ते विचारून ठेवावं.

इथे रात्री दहानंतर इमारतीत शांतता लागते. जॅकमध्ये काडेपेटीएवढा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र, खोचते, हेडफोन लावते, शेजारच्यांना काही कळत नाही. मिरजेत तोच अ‍ॅम्प आईच्या दुपारच्या झोपेसाठी उपयोगी पडेल.

बॅग आज भरली. नेकला आईची जुनी सुती साडी गुंडाळली आहे. शनिवारी फ्रँकफुर्टमार्गे मुंबई, तिथून रात्रीची महालक्ष्मी. सकाळी मिरज. बास जोडला की तो घेऊन आधी सतारमेकर गल्लीत जाणार आहे. तो कारागीर अजून तिथे बसतो का, ते बाबांनी विचारून ठेवलंय.