एवढे खून बघून झोप कशी लागते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शेजारच्या वहिनी, भाची, सगळ्यांचा प्रश्न एकच: एरवी झुरळ मारवत नाही तुम्हाला, आणि रात्री जेवण झालं की खून कसले बघत बसता?

खून म्हणजे 'मिडसमर मर्डर्स'. आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर १९९७ साली सुरू झालेली इंग्लंडमधली मालिका. मिडसमर नावाचा परगणा नकाशात शोधू नका, तो नाहीच. बकिंगहॅमशर, ऑक्सफर्डशरमधली गावं त्याचं सोंग घेऊन उभी राहतात. त्यातलं वॉलिंगफर्ड हे मालिकेतलं 'कॉस्टन' शहर होतं, आणि गंमत म्हणजे रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीही कित्येक वर्षं तिथेच राहत होत्या.

आता खुनांचं म्हणाल, तर ते घाबरण्यासारखे नसतातच. एकाला हिरवळीवर जखडून त्याच्यावर वाइनच्या बाटल्या गोफणीसारख्या भिरकावतात. एक बाई चीजच्या अगडबंब चाकाखाली जाते. अशाने कुणाची झोप उडेल?

मला खरी गोडी आहे ती या खुनांचा तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या, बार्नबीच्या घराची. दिवसभर प्रेतं बघून आलेला हा माणूस जेवायला बसतो, बायको, जॉयस, हौसेने काहीतरी नवीन करून पुढ्यात ठेवते, आणि तो काट्याने ते नुसतं इकडचं तिकडे करतो. चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, पण खुन्यासमोर न डगमगणारा माणूस त्या ताटासमोर खचलेला असतो. आमचे हे तेवढ्यापुरते पेपरातून डोकं वर काढतात. (हा टॉम बार्नबी. २०११ साली तो निवृत्त झाला आणि त्याचा चुलतभाऊ जॉन त्याच्या जागी आला. मला तो अजून पाहुणाच वाटतो.)

सगळंच गोड आहे असं नाही. ही गावं वर्षानुवर्षं झाडून सगळी गोरी. २०११ मध्ये निर्मात्याने तेच मालिकेचं वैशिष्ट्य म्हणून अभिमानाने सांगितलं, आणि निलंबित झाला. बरं झालं.

तरी बघते. कारण खुनामागची कारणं माझ्या ओळखीची असतात. मृत्युपत्र, जमीन, जुनं लफडं, गावातल्या स्पर्धेत हुकलेला नंबर. माझं माहेर कोकणातलं. आमच्या परड्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, एका पावसाळ्यात दोन हात आत सरकला. कुणी सरकवला ते अख्ख्या वाडीला ठाऊक. विचारलं की, "आम्ही काय बघितलं नाय बा." आजीने तो दोन हातांचा हिशोब मरेपर्यंत उराशी बाळगला, तलाठी आला, कागद बघून गेला, आजीला कुणी काही विचारलंच नाही.

मिडसमरमध्ये विचारतात. बार्नबी दारोदार जातो, दिला तो चहा घेतो, आणि म्हाताऱ्यांचं बोलणं मध्ये न तोडता ऐकतो. मी त्यासाठी बघते. तो आमच्याकडे आला असता तर आजीने त्याला पडवीत बसवून आधी गूळपाणी दिलं असतं, आणि गडगा राहिला बाजूला, सुरुवात केली असती सासऱ्यांनी वाटण्या केल्या तिथपासून.